पडद्यावरचं व्हेनिस

“चार म्हणजे चार,” निनाद म्हणाला. “चार वाजून एक मिनिट झालं की बोट सुटली. बोट सुटली की बस गेली. बस गेली की तुम्ही आणि मी इटलीचे नागरिक.”

सगळे हसले. निनाद आमचा टूर लीडर. हातात नारिंगी झेंडी, गळ्यात शिट्टी आणि मागे धक्क्यावर दाटीवाटीनं उभी असलेली आम्ही बत्तीस माणसं. समोर पाणी उन्हात लखलखत होतं. पाण्यावर काळ्या नावा, नावांवर लाल गाद्या, खुंट्यांवर निळे-पांढरे पट्टे. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा, आणि ज्याला त्याला पहिला फोटो काढायचा होता.

आई हसली नाही. तिनं माझं मनगट धरून घड्याळ स्वतःकडे वळवलं.

“सव्वाअकरा. म्हणजे पावणेपाच तास. पुष्कळ झाले.”

“काकू, आधी काचेचा कारखाना,” निनाद म्हणाला, “मग जेवण, मग गोंडोला राइड—”

“आम्ही येत नाही.”

“अहो, गोंडोला पॅकेजमध्येच आहे! व्हेनिसला येऊन नावेत बसणार नाही?”

“नावेत बसल्यावर नाव दिसते का?” आई म्हणाली. “बघायची असली तर काठावर उभं राहावं लागतं.”

निनादनं मला बाजूला घेऊन स्वतःचा फोन नंबर दोनदा लिहून दिला.

आप्पांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तेराव्यानंतर पाहुणे पांगले त्या दुपारी आई मला म्हणाली होती, “मला व्हेनिसला ने.” कोल्हापूरच्या पलीकडे फारशी कधी न गेलेली माझी आई. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. चार दिवसांनी तिनं पासपोर्टचा फॉर्म भरून माझ्यापुढे तपासायला ठेवला.

आता धक्क्यावरून दोन पावलं बाजूला होऊन तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक फोटो काढला. तो मी लहानपणापासून पाहत आले होते. १९६६ सालचा, पोस्टकार्डाएवढा. लग्नाला महिनाही न झालेली आई, अंगावर कडक साडी, एक हात लाकडी स्टुलावर. तिच्या मागे व्हेनिस. उजव्या हाताला तीन कमानदार खिडक्यांचं गुलाबी घर, मधून अरुंद कालवा, कालव्यावर पायऱ्यांचा लहानसा पूल. पुलापलीकडे डाव्या बाजूला एक मनोरा, तोही डावीकडे चांगलाच कललेला. आणि पुलाकडे निघालेली एक नाव. पाठमोरा नावाडी, डावीकडे पाण्यात टेकलेलं वल्हं.

हे व्हेनिस दहा फूट बाय बारा फुटांचं होतं. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आप्पांचा ‘रूपकला फोटो स्टुडिओ’ होता. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला लावायचा पडदा आप्पांनी स्वतः रंगवला होता. कोल्हापूरच्या एका छापखान्यात मिळालेल्या कॅलेंडरवर चौकटी आखून, एकेक चौकट मोठी करत, पावणेदोन महिने. पडदा मात्र काळ्या-करड्या छटांचा, कारण फोटोच कृष्णधवल. छापून झालेल्या फोटोत कुणाला रंग हवे असतील तर ते आई भरायची. कापसाचा बोळा, बारीक ब्रश आणि समोर ते कॅलेंडर. तालुक्यातली लग्नं, बारशी, मॅट्रिक पास झालेली पोरं, सगळी त्या पडद्यापुढे उभी राहून गेली. आमच्या तालुक्यात व्हेनिसला न गेलेला माणूस शोधून सापडला नसता.

मग १९८८ची दिवाळी आली. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं. कॉलेजात शिकणारी एक मुलगी पडद्यापुढे उभी राहून सगळ्यांदेखत आप्पांना म्हणाली, “अशी जागा व्हेनिसमध्ये नाहीच. लायब्ररीत दोनशे फोटोंचं पुस्तक आहे, एकातही नाही. आणि कललेला मनोरा पिसाला असतो. तुम्ही दोन गावं एकत्र कालवलीत.”

आप्पांनी बसलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो काढला, पावती दिली. दुसऱ्या दिवशी पडदा गुंडाळून माळ्यावर गेला आणि भिंतीला साधं निळं कापड आलं. त्यानंतर त्यांनी हातात ब्रश धरला नाही. “कॅलेंडरवर होतं तसंच काढलंय मी,” एवढं एकदा जेवताना म्हणाले. पण कॅलेंडर तोवर वाळवीनं खाल्लं होतं. दाखवणार काय?

“चल,” आई म्हणाली. “गुलाबी घर, पूल आणि वाकडा मनोरा. तिन्ही एका ठिकाणी पाहिजेत.”

मी हॉटेलमधून आणलेला नकाशा उघडला. त्यावर कालवे म्हणजे हातावरच्या शिरा. आईनं नकाशाकडे पाहिलंही नाही. ती मान वर करून चालत होती.

दहा मिनिटांत ती एका चौकात थबकली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की कॉफी पिणारी चार माणसं वळून बघायला लागली.

“वाकडा! वैजू, वाकडा आहे!”

खरंच होता. छपरांच्या वर विटांचा एक मनोरा, चक्क कललेला. मी पुस्तकांत इतकं व्हेनिस वाचलं होतं. ही गोष्ट बहुधा त्या पानांवरही असणार, मी ती वाचली नव्हती.

“पिसाला असतो म्हणे!” आई आनंदानं जवळजवळ नाचत होती. “पायाखाली चिखल म्हटल्यावर मनोरे वाकणार नाहीत तर काय करतील? ती शहाणी आत्ता इथं हवी होती.”

मी नकाशाची घडी नीट करत राहिले.

त्या मनोऱ्याखाली मात्र ना गुलाबी घर, ना कालवा. आम्ही पुढे निघालो. आणि मग मला आईच्या मागे धावावं लागायला लागलं. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघ्यांना तेल लावून निघालेली, पुलांच्या पायऱ्या चढत-उतरत होती. गल्ली संपली की पाणी, पाणी संपलं की पूल, पुलाखालून भाजीची नाव, पेट्यांची नाव, एकदा तर नावेत उभं ठेवलेलं कपाट. पाण्यात घरांचे रंग हलत होते, पिवळा, विटकरी, शेंदरी. आई मध्येच थांबून एखाद्या भिंतीशी फोटो धरायची.

“हा गुलाबी बघ. मी लावला होता तस्साच. आणि तुझे आप्पा म्हणायचे, मालन, एवढा गुलाबी घराला कोण देतं, जरा मळव. मी मळवला नाही.”

“पाणी मात्र तू निळं केलंस.”

“कॅलेंडरात निळंच होतं. छापखान्याची लबाडी. हे हिरवं आहे, शेवाळी. आणि नावा काळ्या! मी तांबड्या केल्या होत्या गं. काळी नाव लग्नाच्या फोटोत कशी चालेल?”

दोन वाजेपर्यंत आम्हाला तीन गुलाबी घरं सापडली. प्रत्येक वेळी आई “हेच!” म्हणायची आणि मी फोटो समोर धरून तपासायची. पहिल्याला खिडक्या दोनच. दुसऱ्याजवळ पूल होता, मनोरा नव्हता. तिसऱ्यापाशी मीही दचकले. खिडक्या तीन, पूल पायऱ्यांचा, मागे मनोराही. पण घर कालव्याच्या डाव्या हाताला. मनोरा उजवीकडे आणि उजवीकडेच कललेला.

“पलीकडच्या काठावरून बघू,” आई म्हणाली.

पलीकडे गेलो. तिथून मनोराच दिसेना.

“नाही हे,” मी म्हणाले आणि नकाशावर तिसरी फुली मारली. मला खात्रीनं फुल्या मारायची जुनी सवय होती.

तीन वाजायच्या सुमाराला आम्ही एका अरुंद धक्क्यावर येऊन बसलो. आईच्या चपलेचा पट्टा बोटाला लागला होता. डब्यातले धपाटे खाऊन झाले. माझ्या मनात जे होतं ते मी बोलून टाकलं.

“आई, समज नाही सापडलं, तर? आप्पांनी थोडं मनानं काढलं असेल. चित्रकार काढतोच. त्यात कमीपणा नाही.”

“त्यांनी मनानं काढलं असतं तर तसं सांगितलं असतं,” आई म्हणाली. “ते म्हणाले कॅलेंडरवर होतं. म्हणजे होतं.”

समोर एक नावाडी नाव बांधून उभा होता. पन्नाशीचा, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, डोक्यावर गवती टोपी. आई उठली, सरळ त्याच्यापाशी गेली आणि फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

“हे कुठं आहे हो?”

मराठीत. मी इंग्रजीत सांगायला लागले, पण त्याला आधीच समजलं होतं. त्यानं फोटो हातात घेतला, आईकडे पाहिलं, परत फोटोतल्या आईकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून काहीतरी कौतुकाचं बोलला. आई चक्क लाजली. मग त्याची नजर नावेवर गेली आणि तो खो खो हसत सुटला. डाव्या बाजूला हवेत वल्हं मारल्यासारखं करून त्यानं तोल गेल्याचं सोंग केलं, पाण्यात पडल्याचं सोंग केलं, बोट हलवून “नो, नो, नो” म्हणाला आणि फोटो परत दिला.

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चोवीस वर्षांनी पुन्हा कुणीतरी आप्पांच्या पडद्याला हसत होतं.

“चल, आई.”

“थांब.”

“तो चेष्टा करतोय.”

“चेष्टा नाही. हात बघ त्याचा.” आई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. “अहो भाऊ, परत करा बघू तसं.”

तिनंच हवेत वल्हं मारून दाखवलं, डावीकडे. तो पुन्हा हसला, मान हलवली. मग स्वतःच्या नावेत चढला, मागच्या टोकावर उभा राहिला आणि वल्हं पाण्यात टाकलं. उजवीकडे. त्यानं पलीकडून येणारी नाव दाखवली. उजवीकडे. तिच्या मागची. उजवीकडे.

आई फोटोवर वाकली. तिचा चेहरा डार्करूममध्ये फोटो धुताना व्हायचा तसा झाला होता, ओठ आत ओढलेले.

“माझा पदर कुठल्या खांद्यावर आहे?”

“काय?”

“फोटोत. पदर.”

“डाव्या.”

“म्हणजे माझा फोटो सरळ आहे.” तिचा आवाज चढायला लागला. “मी सरळ आणि नावाडी उलटा. वैजू, कॅलेंडरच उलटं होतं! छापखान्यानं निगेटिव्ह उलटी लावली!”

ही चूक आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, एक मंद. घाईत उलटी बसली की छापात सगळंच डाव्याचं उजवं होतं. म्हणून आप्पांनी आईला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, बाईचा फोटो असेल तर आधी पदर बघायचा, पुरुषाचा असेल तर सदऱ्याचा खिसा. कॅलेंडरात ना पदर होता, ना खिसा. घरं, पाणी आणि एक पाठमोरा नावाडी. गडहिंग्लजमध्ये कोण सांगणार की हा माणूस वल्हं उजवीकडे धरतो?

आईनं पर्स धक्क्यावर उपडी केली. गोळ्या, कंगवा, निनादचा नंबर, पावडरची गोल डबी. तिनं डबी उघडली, झाकणातला आरसा पदरानं पुसला आणि फोटोसमोर धरला.

त्या रुपयाहून थोड्याशाच मोठ्या आरशात घर डावीकडे गेलं. मनोरा उजवीकडे, उजवीकडे कललेला. नावाडी वाकून बघत होता. त्यानं शीळ घातली आणि मघा आम्ही आलो त्याच दिशेला हात केला.

“तिसरी फुली,” मी म्हणाले.

“किती वाजले?”

“तीन वीस.”

“मग बसलीस काय? ऊठ की!”

आम्ही पळालो. आईनं चपला काढून हातात घेतल्या. मी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, एक गल्ली चुकून थेट पाण्यात संपली, तिथून मागे फिरलो. एका लग्नाच्या वऱ्हाडातून गेलो. “सरका, सरका,” आई म्हणत होती आणि सूट घातलेली माणसं सरकत होती. मला हसू येत होतं, दम लागत होता.

तीन बत्तीसला आम्ही त्या पुलासमोरच्या काठावर उभ्या होतो. आई भिंतीला टेकली. तिनं आरसा वर धरला, त्यात फोटो पाहिला, मग आरसा खाली करून समोर पाहिलं. पुन्हा आरसा. पुन्हा समोर. मधल्या खिडकीखालच्या भिंतीचा गिलावा पडून विटा दिसत होत्या. फोटोतही त्याच ठिकाणी एक काळपट डाग होता. मला तो कायम पडद्यावरचा ओलीचा डाग वाटत आला होता.

“वीटन् वीट,” आई म्हणाली. “वीटन् वीट काढली होती त्यांनी.”

मग तिनं चपला घातल्या, निऱ्या झटकल्या आणि काठावर जाऊन उभी राहिली.

“काढ फोटो.”

मी कॅमेरा लावला.

“थांब. नाव कुठंय?”

“आई, पंचवीस मिनिटं राहिलीत. धक्का गाठायला पंधरा लागतील.”

“रिकाम्या पाण्याचा फोटो काढतात का? येईल नाव.”

पाण्याच्या बाटल्यांच्या पेट्या लादलेली एक मोटरबोट आली. “ही नको.” कचऱ्याची आली. “ही तर नकोच.” पाणी शांत झालं. गुलाबी घर पाण्यात उलटं उभं राहिलं. वरच्या खिडकीत एक बाई चादर झटकून आत गेली.

मी घड्याळ पाहिलं. तीन अडतीस.

“आई,” मी म्हणाले, “ती दिवाळीतली मुलगी.”

“हं.”

“आप्पांनी तुला काय सांगितलं होतं?”

“एक गिऱ्हाईक होतं म्हणाले. कोल्हापूरकडची कुणी मुलगी.”

“गिऱ्हाईक नव्हतं, आई.”

आई पुलाकडेच बघत होती. “माहीत आहे की.”

मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

“मी डार्करूममध्ये होते,” ती म्हणाली. “मध्ये प्लायवूडचं दार. तुझा आवाज मला ऐकू येणार नाही होय? पहिल्या वर्षाला गेलेलीस, कॉलेजातून चार पुस्तकं घेऊन आलेलीस. त्या नव्या जोडप्यासमोर धडाधड बोलत होतीस.”

“आणि तू इतकी वर्षं—”

“त्यांनी गिऱ्हाईक म्हणून सांगितलं. मग मीही गिऱ्हाईक म्हटलं. तुझं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं, मी कशाला घेऊ?”

“म्हणून मला आणलंस इथं?”

“नाहीतर शेजारच्या आक्का तयार होत्या की. बॅग भरून बसल्या होत्या.” तिनं डोळ्यांवर हाताची सावली धरली. नाव येत नव्हती. मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “माझ्या हातात कदमांच्या लग्नाचा मोठा कागद होता. डिशमध्ये नुकता सोडलेला. नवरीचा चेहरा उमटायला लागला होता. दार उघडलं असतं तर उजेड येऊन सगळा काळा झाला असता. म्हटलं, दोन मिनिटं, एवढा होऊ दे, मग बाहेर जाते, दोघांनाही गप्प करते. बाहेर आले तेव्हा तू घरी गेलेली होतीस. ते पावतीपुस्तक मिटून बसले होते.”

तिनं फोटो परत रुमालात गुंडाळला.

“मी कागद वाचवला, वैजू.”

मी पुष्कळ वाचलेलं आहे. त्यातलं काहीही मला त्या काठावर आठवलं नाही. मी तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावरची, धावताना चुरगळलेली साडीची घडी सरळ केली.

तेवढ्यात आमच्या मागच्या वळणावरून कुणीतरी लांब सूर काढून ओरडलं. वळणावर नावाडी असे ओरडतात, हे मला त्या दिवशी समजलं. काळं टोक आधी दिसलं, मग लाल गादी, मग पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणि गवती टोपी. आमचाच नावाडी. नावेत एक जोडपं आणि तो आम्हाला पाहून टोपी हलवत होता.

“आला!” आई ओरडली. “जा, जा मागे! तिथं उभी राहा! तो पुलाशी पोचायच्या आत!”

मी मागे धावले. नाव आमच्यासमोरून गेली, पाण्यातलं गुलाबी घर मोडून त्याच्या हजार फिती झाल्या. आई काठावर ताठ उभी राहिली. स्टूल नव्हतं, म्हणून एक हात तिनं नाव बांधायच्या खुंटीवर ठेवला. नाव पुलाकडे निघाली, नावाडी पाठमोरा झाला, वल्हं उजवीकडे पाण्यात टेकलं. मागे मनोरा.

ती पावडरची डबी आता माझ्या टेबलावर असते. आई गेल्यावर तिच्या पर्समध्ये सापडली. आरशाला एक तडा गेला आहे.

“आई, हसू नकोस एवढी. डोळे मिटतायत.”

“पदर बघ आधी. कुठल्या खांद्यावर आहे?”

“डाव्या.”

“आणि वल्हं?”

“उजवीकडे.”

“मग काढ,” आई म्हणाली.